चार बोटं खाली

गाडी मुद्दाम खाली बसवतात हे नाथाजीनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. चोवीस वर्षं मिलिटरीच्या वर्कशॉपात त्यानं गाड्या वर काढल्या होत्या. चिखलातून, बर्फातून, एकदा तर नदीतून. गाडीचं पोट जमिनीपासून जेवढं उंच, तेवढी ती माणसाला घरी आणायची खात्री, एवढंच त्याला शिकवलं होतं. आणि आता त्याचा एकुलता एक लेक बाळासो कोइमतूरहून निळी फियाट घेऊन आला होता, आणि शेडच्या दारात उभा राहून म्हणत होता, "आबा, हिला चार बोटं खाली घ्यायची. आन् चाकं रुंद करायची."

"का रं? मोडली का काय कुठं?"

"मोडली न्हाई ओ. दिसाय पायजे."

"दिसतीया की."

बाळासो हसला आणि त्यानं खिशातून एक फोटो काढला. कोइमतूरच्या बड्या घरची पोरं फियाटी घेऊन शर्यती लावत, त्यातल्या एका गाडीचा तो फोटो होता. गाडी अशी जमिनीला लागलेली की खालून मांजर जायचं नाही, आणि चाकं मडगार्डाबाहेर डोकावणारी. नाथाजीनं फोटो हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. त्याला ती गाडी स्प्रिंगचे पाटे मोडून खाली बसलेली वाटली. पण लेकाचे डोळे त्या फोटोवरून हलत नव्हते, म्हणून तो म्हणाला, "ब्येस हाय. पर तिकडं कराय माणसं न्हाईत व्हय?"

"हायत की. पर नंबर लागाय तीन म्हैनं. आन् तुमच्या हाताची सर कुणाला हाय?"

हे शेवटचं बोलणं खरं की लाडीगोडीचं, याची शहानिशा करायच्या स्थितीत नाथाजी नव्हताच. लेकानं आजवर त्याच्याकडे काही मागितलंच नव्हतं. मागायला दोघं समोरासमोर यायला तर हवेत!

बाळासो तेरा वर्षांचा असताना नाथाजीनंच त्याला मामाबरोबर लावून दिला होता. विट्याच्या बाजूला ही रीतच आहे. मिसरूड फुटायच्या आत पोरगं कुणातरी नातलगाच्या मागोमाग सोनं गाळायच्या दुकानात जातं, मग ते दुकान कोइमतूरला असो, कानपूरला असो, नाहीतर पार आसामात. नाथाजी तेव्हा पठाणकोटला होता. होकार त्यानं पत्रानंच कळवला. एकाहत्तरची लढाई संपल्यावर पेन्शन घेऊन तो घरी आला, तेव्हा घरात बायको रंगूबाई एकटी होती आणि भिंतीवर पोराचा फोटो होता, मिशा आलेला. बापाची रजा वर्षाकाठी दोन महिने, पोराची सुट्टी जत्रेपुरती, आणि दोन्ही जुळल्या त्या दोनदा की तीनदा. नाथाजीनं एकदा सगळे दिवस जोडून बघितले होते. बापलेक एका छपराखाली उणीपुरी तीन वर्षंही झोपले नव्हते.

घरामागं शेड टाकलं तेही त्यानं याच पोरासाठी. तिकडच्या धुरानं छाती भरली की पोरगं कंटाळून परत येईल, आणि आलं की त्याला बसायला जागा असावी, असा त्याचा हिशेब. गावातल्या ट्रॅक्टरांवर आणि तेलाच्या इंजिनांवर शेड चाललं होतं. पाटीवर त्यानं स्वतःचं नाव लावलं नाही, 'बाळासो मोटार वर्क्स' असं लावलं. ज्याच्या नावाची ती पाटी, त्यानं सहा वर्षांत ती एकदा वाचली होती आणि "बरं हाय" म्हणाला होता.

आता अडचण होती ती ओढ्याची. गावातून डांबरी रस्त्याला लागायचं तर ओढा ओलांडावाच लागतो. बाहत्तरच्या दुष्काळात गावानं खडी फोडून त्यावर फरशी बांधली होती, ती पुढच्याच पुरात वाहून गेली. खाली राहिला नुसता कातळ. त्यात बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी पिढ्यान् पिढ्या घासून दोन चाकोऱ्या पाडलेल्या, आणि दोहोंच्या मध्ये उंचवटा. फियाट येताना त्यावरून अंग चोरून आली होती. नाथाजीनं दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बाभळीच्या काडीनं उंचवटा मोजला. साडेतीन बोटं भरला. गाडीच्या पोटाची उंची सात बोटं. त्यातली चार काढली तर उरली तीन. म्हणजे गाडी ओढ्यात टेकणार, यात शंकाच नव्हती.

त्यानं तसं सांगितलंही. "बाळासो, वड्यात टेकंल बग पोट."

"टेकू द्या आबा. हितं मी कवा येतोय?"

हे तो सहज बोलला. टायरातली हवा बघत बोलला, मान वर न करता. नाथाजीच्या हातात पाना होता तो तसाच राहिला. नाही म्हणायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण नाही म्हटलं की बाळासो उद्याच निघणार. हो म्हटलं तर काम होईपर्यंत तरी राहणार. आणि काम झालं की ही गाडी गावात परत येणार नाही. म्हणजे लेकाला चार दिवस जवळ ठेवायचं ते त्याची परतीची वाट आपल्या हातानं बुजवून. दैवानंसुद्धा काय निवड समोर ठेवावी माणसाच्या!

"किती दिवस लागतील?" बाळासोनं विचारलं.

काम पाच दिवसांचं होतं.

"बारा," नाथाजी म्हणाला.

डिकीत चार टायर होते. मद्रास बंदरावर कुणा परदेशी गाडीचे काढलेले, रुंद आणि बसक्या अंगाचे. ते फियाटच्या अरुंद रिमवर बसणं शक्यच नव्हतं. रिम मधून कापायची, त्यात दीड इंचाची पट्टी घालून वेल्डिंग करायचं आणि मग लेथवर फिरवून सरळ करायची, असं ठरलं. पण पट्टी आत घालायची की बाहेर, यावर बापलेक दोन दिवस बसले. बाळासोला सगळी बाहेर हवी होती, फोटोतल्यासारखी.

"सगळं भायेर काढलंस तर बेअरिंग रडंल," नाथाजी म्हणाला. "सगळं आत घातलं तर चाक वळताना दांडीला घासंल. अर्धा इंच आत, एक इंच भायेर. आन् मडगार्डाची कड मी ठोकून वर दुमडतो."

"तुमी म्हणाल तसं."

नाथाजीला बरं वाटलं. जमिनीवर खडूनं रिम काढून दोघं उकिडवे बसले होते, खांद्याला खांदा लागत होता. रंगूबाई चहा घेऊन आली आणि दाराशीच थबकली. एवढा वेळ या दोघांना एकत्र बसलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं चहा ठेवला आणि आत जाऊन डोळे पुसले. ती बाई भोळी होती, तिला वाटलं हे आता असंच चालणार.

लेथचं काम सांगलीला. चार रिम पोत्यात घालून दोघं एस्टीनं गेले. तासगावपर्यंत उभ्यानं, पुढं बसायला मिळालं. द्राक्षांचे मांडव मागं पळत होते आणि नाथाजी लेकाला बेअरिंग कसं ओळखावं, पाट्याचा आवाज कसा ऐकावा, हे सांगत होता. चोवीस वर्षांचं साठलेलं सगळं त्याला त्या एका बसमध्ये सांगून टाकायचं होतं. बाळासो हूं हूं करत होता. मधे दोनदा त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. ते नाथाजीनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

लेथवाल्याच्या दारात एक ट्रक उभा होता, मद्रासकडचा. हळद भरायला आलेला. बाळासो त्या ड्रायव्हरशी बोलायला लागला, त्याच्या भाषेत. आणि बोलता बोलता असा हसला, मान मागं टाकून, मांडीवर थाप मारून, की नाथाजी बघतच राहिला. घरात आल्यापासून पोरगं असं एकदाही हसलं नव्हतं. मराठीत ते मोजून मापून बोलायचं, पाहुण्यासारखं. त्याचं हसणं, भांडणं, थट्टा सगळं त्या दुसऱ्या भाषेत राहत होतं, आणि त्यातलं एक अक्षर बापाला कळत नव्हतं. नाथाजी रिमच्या पोत्यावर बसला आणि त्याला फार एकटं वाटलं. येताना त्यानं भडंगाचा पुडा घेतला. बाळासोनं मूठभर खाल्लं आणि बाकीचा पुडा बापाच्या हातात परत दिला.

"लय तिखट असतंय ओ हे. सवय गेली."

मग राहिल्या स्प्रिंगा. पुढच्या कॉइल स्प्रिंगा कापायच्या होत्या. दुसरा कुणी असता तर गॅसनं तासाभरात मोकळा झाला असता. पण गॅसची धग लागली की पोलाद मऊ पडतं, म्हणून नाथाजी हातकरवतीनं कापत बसला, वर पाण्याची धार धरून. एका वेढ्याला एक दिवस. हे सगळं खरंच होतं, आणि त्यात दिवस जातो हेही खरं होतं. मागचे पाटे त्यानं काढले. एक पाटा कमी करून भागलं असतं, पण तशी गाडी लुळी पडते; म्हणून प्रत्येक पाट्याची कमान ऐरणीवर थंड ठोकून त्यानं बसवली. शेजारचा कोंडीबा रोज कुंपणापाशी येऊन उभा राहायचा.

"नाथाजी, चांगल्या गाडीला कशापायी ठोकतुयास गड्या?"

"फ्याशन हाय."

"आमची म्हस बी आशीच बसलीया सकाळधरनं. तिचीबी फ्याशन आसंल."

बाळासो ओशाळून हसला. नाथाजी हसला नाही. त्याच्या मनात एक चोरी शिरली होती.

स्प्रिंग कापताना आणि पाटे ठोकताना त्यानं चारऐवजी तीनच बोटांचं माप धरलं. उंचवटा साडेतीनचा, पोट राहील चार बोटांवर. अर्ध्या बोटानं का होईना, गाडी ओढा ओलांडेल. गेली तर जाईल, पण पुन्हा कधी मन झालंच तर येईलही. चार आणि तीन यातला फरक नजरेला कळत नाही, आणि रुंद चाकं बसली की गाडी आपोआप खाली दिसते. मिलिटरीत असताना मापात खोट केली म्हणून त्यानं दोन जवानांना शिक्षा लावल्या होत्या. आता पोटच्या पोराला फसवताना त्याला लाज वाटली नाही, उलट हुरूप आला.

बाराव्या दिवशी गाडी जॅकवरून खाली आली. चाकं पसरलेली, अंग जमिनीला धरून. नाही म्हटलं तरी काम देखणं झालं होतं. बाळासो गाडीभोवती तीनदा फिरला. खाली वाकून त्यानं पोटाखाली हात घातला, जरा वेळ तसाच बसला. नाथाजी उगाच पाने पुसत बसला.

"झ्याक झालंय आबा," बाळासो उठून म्हणाला. "उद्या निघतो."

निघायची वेळ सकाळी नवाची होती. पण सात वाजल्यापासूनच बाया यायला लागल्या. आता हेही सांगायला हवं. या गावातून कोइमतूरला जाणारा माणूस एकटा कधी जात नाही. तिकडं गावाची चौदा पोरं आहेत. जो जातो त्याच्याबरोबर प्रत्येक घरचं एक गाठोडं जातं. शाळू, शेंगदाणे, चटणी, सांडगे, कुणाच्या नातवाला कुंची, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत म्हणून डिंकाचे लाडू. रेल्वेनं जायचं तरी दोन पोती व्हायची. ही तर घरची मोटार! बायांनी हात आखडता घेतला नाही. डिकी भरली, मागची बैठक भरली, पुढं पाय ठेवायच्या जागी तेलाची बरणी आली. बनुबाई म्हातारीचा मानसिंग बाळासोच्याच दुकानात होता, तीन वर्षांत फिरकला नव्हता. तिला गुडघ्यांनी चालवत नव्हतं तरी भिंत धरत आली आणि स्वतःच्या हातानं गाठोडं आत कोंबून गेली.

नाथाजी हे सगळं बघत होता, गाठोडी नीट लावून देत होता. आणि तरीही त्याच्या ध्यानात आलं नाही. त्यानं माप घेतलं होतं ते रिकाम्या गाडीचं. या गावातून गाडी रिकामी जात नाही, हे याच गावात जन्मलेला माणूस विसरला!

ओढ्यापर्यंत निम्मं गाव चालत गेलं. पुढची चाकं चाकोरीत उतरली, गाडी पुढं सरकली, आणि कातळावर पत्रा खरवडल्याचा असा आवाज झाला की बायांनी कानांवर हात ठेवले. गाडी उंचवट्यावर बसली. मागची चाकं नुसती गरगरली.

नाथाजी पालथा पडून गाडीखाली शिरला. तेलाची टाकी शाबूत होती, फक्त बाहेरून ओरखडा आलेला. एक क्षण तो तसाच पडून राहिला. टाकी फुटली म्हणून सांगितलं तर पोरगं आठवडाभर हलत नाही. सांगलीहून दुसरी आणायची, बसवायची. तो ओठ मिटून पडला होता आणि वरून बाळासो विचारत होता, "काय झालं आबा? काय फुटलं का?"

आवाजात इतकी भीती होती, की ती ऐकून नाथाजीचा जीव तुटला. इथं आणखी आठवडाभर राहावं लागेल, याची ती भीती होती.

"न्हाई," तो म्हणाला. "कायबी झालं न्हाई."

कोंडीबानं बाह्या सरसावल्या. "चला रं, धा जण लागू, उचलू." पण बाळासोनं हात आडवा केला. आधी ओझं उतरवू म्हणाला. गाठोडी खाली आली, कातळावर रांगेनं लागली. गाडी जराशी वर उठली, आणि बाळासोनं हळूच चालवली तशी काही न लागता पलीकडे गेली. अर्ध्या बोटानं. बायांनी लगोलग गाठोडी डोक्यावर घेतली आणि त्या पलीकडे निघाल्या, परत भरायला.

"ऱ्हाऊ द्या," बाळासो म्हणाला.

बाया थांबल्या.

"ऱ्हाऊ द्या मावशी. पुढं लय लांबचा पल्ला हाय. ओझ्यानं टायर मडगार्डाला घासत्यात. आन् तिकडं आता समदं मिळतंय."

नाथाजी ओढा ओलांडून त्याच्याजवळ गेला. त्याला लोकांसमोर गयावया करायची नव्हती, पण तीच झाली. "बाळासो, दोन दिस थांब. मी पाटे चढवून देतो. पयल्यासारखी करून देतो. मग न्हे समदं."

"कशापायी आबा? मला अशीच पायजे." मग त्यानं आवाज खाली घेतला, बापाच्या खांद्यावर हात ठेवला. रागावला नव्हता, हेच वाईट. "तुमी तीनच बोटं केलीसा. मी काल हात घालून बघितलं. बोललो न्हाई. ऱ्हायलेलं एक बोट तिकडं गेल्यावर उतरवून घेईन."

बाळासो वाकला, बापाच्या पाया पडला, ओढ्याच्या अलीकडे उभ्या आईकडे बघून हात जोडले, आणि गाडीत बसला. निळी फियाट डांबरी रस्त्याला लागली. रुंद चाकांवर ती जमिनीला चिकटून पळत होती, नाथाजीनं केलेल्या सगळ्या कामांत इतकं चांगलं काम दुसरं नव्हतं. वळणावर ती दिसेनाशी झाली तरी रंगूबाई तिकडंच बघत होती.

बाया आपापली गाठोडी घेऊन गेल्या. ज्या आल्या नव्हत्या त्यांची नाथाजीनं घरोघर पोचवली. शेवटचं बनुबाईचं. ती उंबऱ्यात बसली होती. त्याच्या खांद्यावरचं गाठोडं तिनं लांबूनच ओळखलं. काय झालं ते नाथाजीनं सांगितलं. खोटं बोलायचं त्याच्यात त्राण उरलं नव्हतं. गाडी टेकली, ओझं झेपेना, म्हणून समद्यांचं परत आलं.

म्हातारीनं गाठोडं मांडीवर घेतलं. गाठ तशीच घट्ट होती. तिनं ती सोडली नाही, नुसता वरून हात फिरवला.

"माझंच चुकलं रं नाथाजी," ती म्हणाली. "मी लय जड बांधलं. पुढल्या खेपंला हलकं बांधीन."

"व्हय," नाथाजी म्हणाला, आणि तिच्या शेजारी उंबऱ्यातच बसला.